बसतंय का बघ

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी गेलं तर रविवारच्या मानाने गर्दी कमी असते. मी अडकित्ता शोधायला गेले होते, घेऊन आले एक पुंगळी. कुलपं, नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं अशा ढिगाऱ्यात ती उभी होती, वरचं तोंड चिंचोळं आणि बुडाला कड. रंग इतका काळवंडला होता की पितळेची आहे हे नखाने खरवडल्यावर कळलं. "ताई, मिलिट्रीचा माल आहे," असं सांगून त्याने पन्नास मागितले आणि तिसांत दिली.

घरी आल्यावर चिंच-मीठ लावून घासली. बुडावर अक्षरं उमटली: इंग्रजी के, मधे छोटा बाण, मग एफ, आणि खाली सालाचे आकडे, ४१. के आणि एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, म्हणजे आपली खडकी. १८६९ पासून तिथे दारूगोळा बनतो आहे. १९४१ साली तिथल्या यंत्रातून निघालेली थ्री-नॉट-थ्रीची ही पुंगळी कुठे झाडली गेली, कुणी उचलली, काही कळायला मार्ग नाही. परत आली तेव्हा मात्र जन्मगावापासून पाच-सहा किलोमीटरवर येऊन पडली होती.

बाबांनी ती हातात घेतली आणि कुठल्या लढाईतली वगैरे काही विचारलं नाही. उठून व्हर्नियर घेऊन आले. बाबा टर्नर होते, आधी चाकरीत, मग भोसरीत स्वतःच्या शेडमध्ये, सगळी मिळून एक्केचाळीस वर्षं लेथपुढे. त्यांनी बुडाची कॉलर मोजली, लांबी मोजली. छप्पन मिलिमीटरच्या आसपास भरली. मग बोट फिरवून म्हणाले, "टेपर आहे. चेंबर कापणाऱ्याचं काम सोपं नाही."

बाबांच्या शेडमध्ये दिवसातून शंभर वेळा ऐकू यायचं ते एकच वाक्य, "बसतंय का बघ." बेअरिंग असो, बुश असो, जर्मन मशीनचा मोडलेला गिअर काढून त्या जागी बनवलेला देशी असो. जॉब चकातून सुटला की पोऱ्या तो घेऊन पळायचा आणि बाबा मागून ओरडायचे, बसतंय का बघ. बसलं नाही तर किती बारीक काम केलंय याला कुणी विचारत नसे. मी लढायांच्या गोष्टी वाचायला लागले तेव्हा डोक्यात हे वाक्य घेऊनच वाचायला लागले असणार. शत्रूची हत्यारं हाती लागल्यावर सैनिकांनी त्यांचं काय केलं, या विषयावर मी बरंच वाचलं आहे. लोक ते शौर्यकथा म्हणून सांगतात, मला ते सगळं भोसरीचं काम वाटतं.

उदाहरणार्थ तोब्रुक. लिबियाच्या किनाऱ्यावरचं हे बंदर जानेवारी १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याने इटालियनांकडून जिंकलं आणि एप्रिलमध्ये जर्मन सेनापती रोमेलने त्याला वेढा घातला. आत लेस्ली मॉर्सहेडच्या हाताखाली नववी ऑस्ट्रेलियन डिव्हिजन, ब्रिटिश तोफखाना आणि आपल्याकडची अठरावी कॅव्हलरी होती. तोफा होत्या, पण पुरेशा नव्हत्या. इटालियन पळताना मात्र ढीगभर तोफा मागे टाकून गेले होते, लहानमोठ्या सगळ्या तोंडांच्या, आणि त्यांचे गोळेही वाळूत ठिकठिकाणी रचून ठेवलेले होते. तोफखान्याचे लोक आपापल्या तोफांवर गुंतलेले. मग या अनाथ तोफांवर पायदळाचे लोक उभे राहिले. पायदळाचे म्हणजे स्वयंपाकी, कारकून, ड्रायव्हर, साहेबांचे अर्दली. यांना नाव पडलं बुश आर्टिलरी, आपल्याकडे म्हणायचं तर रानटी तोफखाना.

अडचण अशी की बहुतेक तोफांची नेम धरायची उपकरणं गायब होती. मग त्यांनी नळीचं मागचं तोंड उघडून सरळ नळीतून बघायला सुरुवात केली. नळीच्या त्या टोकाच्या वर्तुळात लक्ष्य दिसलं की दिशा धरली, मग अंदाजाने तोंड वर उचलायचं, एक गोळा टाकायचा, तो कुठे पडला ते बघायचं, आणि मग आणखी थोडं वर किंवा थोडं डावीकडे. तोफखान्याच्या भाषेतले अंश आणि मिनिटं त्यांना येत नव्हती, तेव्हा हुकूमही घरगुती बोलीत सुटत. गोळे उन्हात पडून होते, त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून कित्येक तोफा लांब दोर बांधून, आडोशाला बसून, ओढून झाडल्या जात.

हे वाचताना मला बाबा आठवतात. नळी सरळ आहे की वाकली, हे बघायला ते ती उचलून खिडकीकडे धरायचे आणि एक डोळा मिटायचे. आतल्या भिंतीवर उजेडाची कडी दिसते, ती सारखी गोल असली तर नळी सरळ. त्यांच्याकडे यासाठी डायल गेज होता. तो ते नंतर लावायचे, गिऱ्हाइकाला आकडा दाखवायला.

या तोफखान्याने वेढा उठवला असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. खरं काम नेहमीच्या तोफांनी, सुरुंगांनी आणि रात्री तारांबाहेर जाऊन गस्त घालणाऱ्यांनी केलं. पण शत्रूच्या रांगांवर शत्रूचेच गोळे पडत राहिले, आणि स्वयंपाक करणारा माणूस दुपारी भांडी विसळून तोफेवर जात राहिला.

पुढच्या वर्षी तोब्रुकचं पान उलटलं. २० जून १९४२ च्या पहाटे रोमेल पुन्हा आला. या वेळी त्याने आग्नेय बाजू निवडली. तिथे अकराव्या हिंदी ब्रिगेडची दुसरी-पाचवी मराठा पलटण होती. आधी विमानांनी बॉम्ब टाकून ती पट्टी भाजून काढली, मग रणगाडे आत शिरले. समोरचा रणगाडाविरोधी खंदक वर्षभरात वाळूने भरत आला होता आणि इथले पुष्कळ सुरुंग काढून दुसरीकडे नेऊन लावले होते. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला, सुमारे ३३,००० माणसं कैद झाली, त्यांत आपल्या सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडचे किती घरांतले लोक असतील. आणि मग उलटी वरात निघाली. पेट्रोल, डबाबंद मांस, ट्रक, सगळं रोमेलच्या हाती. इजिप्तकडे जे जर्मन सैन्य निघालं त्याचा मोठा भाग ब्रिटिश गाड्यांत बसला होता. दारावर जर्मन खूण रंगवली की झालं. ट्रकला कुठलंही पेट्रोल चालतं, बंदुकीला कुठलंही काडतूस चालत नाही, एवढाच फरक.

खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि लढायांच्या पुस्तकांत ती बहुधा तळटीपेत असते. बंदूक कुणाची, हे तिच्यावरच्या शिक्क्यावरून ठरत नाही. तिच्या चेंबरमध्ये बसणारं काडतूस ज्याच्या कोठारात आहे, त्याची ती. पूर्व आघाडीवर जर्मन शिपायांना पेपेशा ही रशियन सबमशीनगन फार आवडायची. रशियन तिला लाडाने पापाशा म्हणत, म्हणजे आपला पप्पा. एकाहत्तर गोळ्यांची थाळी, बर्फात-चिखलात न अडकणारी, जरा सैल बांधणीची. जर्मन शिपायाच्या स्वतःच्या हत्यारात बत्तीस गोळ्या. आता गंमत बघा. रशियन गोळी मुळात जर्मन माउझर पिस्तुलाच्या जुन्या गोळीवरून घेतलेली, मापं जवळजवळ तीच. म्हणून जर्मनांना आपल्या माउझरच्या गोळ्या पापाशात घालून ती चालवता आली. एका घरची पाककृती शेजारणीने नेली, आणि पन्नास वर्षांनी तिच्याच घरची कढई उचलून आणली, तसं. तरीही पुरवठ्याच्या लोकांचं समाधान झालं नाही. बऱ्याच पापाशांच्या नळ्या काढून नऊ मिलिमीटरच्या बसवल्या, मॅगझिनला अडॅप्टर लावलं, आणि मग त्या आपल्या नेहमीच्या गोळ्यांवर चालू लागल्या. हे काम लेथचं. यात शौर्य कुठेच नाही.

एक मिलिमीटरची गोष्ट याहून मजेशीर. जर्मन उखळी तोफ ८१ मिलिमीटरची, रशियन ८२ ची. रशियन नळीत जर्मन गोळा जातो, पल्ला आणि नेम जरा ढळतो, पण जातो. जर्मन नळीत रशियन गोळा शिरतच नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बोअर मोठा असला तर बुश घालून भागवता येतं. शाफ्ट जाड असला तर काय करणार, डोकं फोडून घेणार?" रशियनांनी हे मुद्दाम केलं का, यावर लोक वाद घालतात. मला त्या वादात रस नाही. रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या गोळ्यांची पेटी उघडून बसलेल्या माणसाला तो एक मिलिमीटर कसा वाटला असेल, एवढंच मी मनात आणते.

दुसऱ्याचं हत्यार वापरात घेणं नेहमी फायद्याचंच ठरतं असंही नाही. जपान्यांकडे पन्नास मिलिमीटरची एक छोटी उखळी होती. तिची बैठक कमानीसारखी वाकलेली. पॅसिफिकमध्ये ती अमेरिकनांच्या हाती लागली आणि तिला गुडघ्याची तोफ हे नाव पडलं. ती कमान बघून काहींना वाटलं की ही मांडीवर टेकवून झाडायची. ती जमिनीवर टेकायची असते. ज्यांनी मांडीवर ठेवून बघितलं त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, असं सांगतात. हत्यार हाती येतं, त्याच्याबरोबर ते शिकवणारा उस्ताद येत नाही.

आणि आवाज. प्रत्येक बंदुकीचा आवाज निराळा असतो, आणि खंदकातल्या माणसाला तो आपल्या दारावरच्या थापेसारखा ओळखता येतो. जर्मन एमजी-४२ मिनिटाला बाराशेच्या वेगाने झाडायची, कापड फाडल्यासारखा आवाज. ती सापडली तरी दोस्त शिपाई वापरताना दहादा विचार करत. का, तर तो आवाज ऐकून आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडतील.

आवाजाच्या या गोष्टीपाशी आले की मी थबकते. कारण एक लढाई अशी झाली, जिच्यात आवाजावरून ओळखायची सोय उरली नव्हती.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर ४०,००० च्या आसपास हिंदी सैनिकांना ब्रिटिशांनी जपान्यांच्या हवाली केलं. त्यांच्यातूनच आझाद हिंद सेना उभी राहिली. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले तिच्या सर्वात वरच्या अधिकाऱ्यांपैकी एक होते, आणि आझाद हिंद सरकारच्या मंत्रिमंडळातही होते. सेनेला हत्यारं कुठून आली? सिंगापुरात ब्रिटिशांनी टाकलेली, जपान्यांनी जिंकलेली. म्हणजे लुटीतली. पण ज्या हातांत ती गेली त्या हातांना ती नवी नव्हती. त्याच थ्री-नॉट-थ्रीच्या ली-एनफिल्ड रायफली, तोच बोल्ट, तीच दहा गोळ्यांची मॅगझिन. यांना काही शिकावं लागलं नाही. जपान्यांना त्या परक्या होत्या, ब्रिटिशांना आता शत्रूच्या, आणि मधल्या माणसाच्या खांद्याला मात्र त्यांचा धक्का वर्षानुवर्षं ठाऊक.

गोळ्यांचं काय? जपानी पायदळाची ७.७ मिलिमीटरची गोळी जाडीने जवळपास थ्री-नॉट-थ्रीएवढीच. पण तिच्या पुंगळीला ही बुडाची कॉलर नाही आणि लांबी निराळी. बसत नाही. जपानी आरमाराकडे मात्र ब्रिटिश लुईस गनची नक्कल होती आणि तिची गोळी हुबेहूब थ्री-नॉट-थ्रीच्या मापाची. एकाच बादशहाच्या दोन सेना, एकीची गोळी शत्रूच्या बंदुकीत बसायची आणि दुसरीची आपल्याच आरमाराच्या बंदुकीत नाही. सरकारी खाती जगभर सारखीच.

१९४४ च्या मार्चमध्ये जपानी जनरल मुतागुची आझाद हिंद सेनेच्या तुकड्या बरोबर घेऊन इम्फाळवर निघाला तो शिधा थोड्या दिवसांचा घेऊन. पुढचं ब्रिटिशांच्या कोठारांतून मिळेल हा हिशेब. मलायात तसं मिळालंही होतं, जपानी शिपाई त्याला चर्चिलचा शिधा म्हणत. इम्फाळ पडलं नाही, कोठारं हाती आली नाहीत, पाऊस सुरू झाला. जपानी आणि आझाद हिंद, दोन्हीकडच्या माणसांनी त्या डोंगरांत गोळ्यांपेक्षा भुकेने आणि तापाने प्राण सोडले. आणि जिथे हिंदी सैनिक हिंदी सैनिकासमोर आला तिथे दोन्हीकडून तोच आवाज आला, त्याच रायफलीचा. अंधारात कानावरून कोण कोणाचं हे सांगणं कठीणच. माझ्या टेबलावरच्या पुंगळीसारख्या पुंगळ्या सिंगापूरच्या कोठारात असतील का, आणि असतील तर त्यांतल्या काही खडकीच्याच दुसऱ्या पुंगळ्यांवर चालल्या असतील का, हा विचार मला सोडत नाही.

अशा गोष्टी सांगितल्या की कुणीतरी कौतुकाने म्हणतं, वा, काय जुगाड! हा शब्द आता फार प्रतिष्ठित झाला आहे. मला तो आवडत नाही. ज्या घरात जुगाड चालतो तिथे वाढलेल्या माणसाला तो आवडणं अवघडच आहे. बाबांच्या शेडमध्ये रात्री अकरा वाजता मोडकी मशीन येई, सकाळी सात वाजता कारखान्याला ती चालू हवी असे, आणि तिचा सुटा भाग मिळायला तीन महिने लागत. बाबा तो घडवायचे. सगळे टाळ्या वाजवायचे. त्या कौतुकात एक प्रश्न कधी आला नाही, सुटा भाग तीन महिने का मिळत नव्हता? तोब्रुकच्या स्वयंपाक्याला नळीतून बघावं लागलं, कारण कुणीतरी कुठेतरी त्याला तोफ पाठवू शकलं नव्हतं. मुतागुचीने तर जुगाडालाच योजना म्हटलं, आणि त्याची किंमत त्याच्या शिपायांनी दिली.

फिनलंडचे लोक मला म्हणून वेगळे वाटतात. त्यांच्या भाषेत युद्धातल्या लुटीला सोतासालिस म्हणतात. सोता म्हणजे युद्ध आणि सालिस म्हणजे शिकार, जाळ्यात आलेला मासा वगैरे. हा देश ६ डिसेंबर १९१७ ला रशियाच्या साम्राज्यातून स्वतंत्र झाला आणि रशियन पलटणींकडून काढून घेतलेल्या मोसिन रायफली हाच त्याच्या सुरुवातीच्या शस्त्रागाराचा मोठा भाग. त्या रायफलीचा मुख्य सांगाडा, रिसीव्हर, फिनलंडने स्वतः कधी बनवला नाही. जुने रशियन सांगाडे घ्यायचे, त्यांना नवी नळी, नवा दस्ता, नवी माशी लावायची. नोव्हेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्य सरहद्दीवरून आत आलं तेव्हा त्याच्या आणि फिनिश शिपायाच्या हातातल्या रायफली एकाच वंशाच्या होत्या, आणि गोळीही तीच. सिमो हायहा हा त्यांचा नामांकित निशाणेबाज, त्याची रायफलही याच जुन्या सांगाड्यावर बांधलेली.

त्यामुळे झालं असं की जे हाती लागेल ते त्याच दिवशी चालू लागे. जानेवारी १९४० मध्ये राते रस्त्यावर चव्वेचाळिसावी सोव्हिएत डिव्हिजन बर्फात कापली गेली आणि रणगाडे, तोफा, ट्रक, घोडे, मशीनगन असा ढीग मागे राहिला. त्यांतली देग्त्यारेव मशीनगन फिनिश शिपायांना स्वतःच्या लाहती-सालोरांतापेक्षा आवडली. घरची गन बारीक मापात घट्ट बसवलेली, थंडीत आणि घाणीत हटून बसणारी, वीस गोळ्यांची. रशियन गन ढिली, साधी, सत्तेचाळीस गोळ्यांची, वर सपाट गोल थाळी. ती थाळी ग्रामोफोनच्या तबकडीसारखी फिरते म्हणून त्यांनी तिला एम्मा म्हणायला सुरुवात केली. त्या वेळी गाजत असलेल्या एका वॉल्ट्झचं ते नाव.

पण मला जे सांगायचंय ते पुढे आहे. आधीच्या फिनिश रायफलींच्या नळ्या जरा चिंचोळ्या कापलेल्या होत्या, नेम चांगला लागावा म्हणून. रशियन गोळी त्यांच्यापेक्षा दीड-दोन थाऊ जाड. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, केसाहूनही बारीक. एम-३९ ही नवी रायफल आखताना त्यांनी नळी त्या मानाने रुंद धरली. शत्रूची गोळी सापडली तर तीही नीट बसावी म्हणून. हे मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुंगळी बोटांत फिरवली, काही वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "म्हणजे ड्रॉइंगमध्येच घेतलं. मग त्याला जुगाड नाही म्हणत."

१९८४-८५ मध्ये फिनिश सेनेने निशाणेबाजांसाठी एक रायफल तयार करून घेतली, टीकेआयव्ही-८५. नळी नवी, दस्ता नवा. सांगाडे तेच जुने मोसिनचे, आणि त्यांतल्या काहींवर १८९० च्या दशकातली सालं आहेत.